फॉर्मेट विचारलं तर नाही म्हणा

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या आठवड्यात सकाळी 7 वाजता आपल्या इंदूरच्या रामबागेतल्या आप्पांचा फोन. "अरे, लवकर ये. नवा कॉम्प्युटर जुना झाला!"

आप्पा बँकेतून निवृत्त. त्यांच्या 2017 सालच्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय जळला आणि जाता जाता मदरबोर्डलाही घेऊन गेला. मुलाने पुण्याहून नवा पाठवला. जुन्यातली 1 टीबीची हार्ड डिस्क मात्र धडधाकट होती. ती घेऊन आप्पा एका दुकानात गेले, तर तिथला पोरगा म्हणाला, "भिया, फॉर्मेट मारनी पड़ेगी, डेटा तो गया समझो." आप्पांनी डिस्क पिशवीत घातली आणि जिना उतरले. बरं केलं!

मग शेजारच्या मुलाने ती नव्या डब्यात बसवली. एक वायर डेटाची, एक पॉवरची, बस्स. बटण दाबलं. पडदा जरा काळा राहिला, 'डिव्हाइस तयार करत आहे' असं काहीतरी आलं आणि समोर कोण? ओंकारेश्वरला नावेत बसलेले आप्पा आणि काकू. जुना वॉलपेपर, जुने आयकॉन, सगळं तेच.

"एवढे पैसे घातले आणि तोच परत आला रे!"

काकू आतून म्हणाल्या, "आत्मा तोच, शरीर बदललं."

झालं होतं एवढंच, की दोन्ही डिस्कवर विंडोज होतं आणि मशीनने जुनीला आधी हाक मारली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, सुरू होतानाच डिलीटचं बटण दाबत राहिलो (काही मशीनवर ते एफ-2 असतं), बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये गेलो आणि बूटच्या क्रमात, म्हणजे कोणत्या डिस्कवरून आधी सुरू व्हायचं त्या यादीत, नवी डिस्क वर आणली. जुनी मग 'ई' ड्राइव्ह होऊन निमूट कोपऱ्यात बसली. काहीही पुसलं नाही. पुन्हा सांगतो, काहीही पुसलं नाही.

आप्पांनी त्यात आपल्या नावाचं फोल्डर उघडलं, तर उत्तर आलं, तुम्हाला परवानगी नाही. आप्पा उसळले. "माझ्याच फोल्डरला? 32 वर्षं लॉकरच्या किल्ल्या सांभाळल्यात मी!" पण नव्या विंडोजला जुने आप्पा कुठून ओळखू येणार? तिथंच 'कंटिन्यू' असतं, ते दाबायचं आणि वाट बघायची. हजारो फाइली असतील तर वेळ लागतो. आमचे तोवर पोहे झाले. पोह्यांवर शेव हवीच, पण हल्ली शेवेखाली पोहे शोधावे लागतात. जिरावन मसाला घाला की भरपूर! असो.

आता कामाचं. डिस्क जोडल्यावर कधी खिडकी येते, 'फॉर्मेट करायची का?' किंवा 'इनिशियलाइझ करायची का?' म्हणजे डिस्क कोरी समजून नव्याने मांडायची का? नाही म्हणा. कॅन्सल. लक्षात ठेवा, फॉर्मेट विचारलं तर नाही. आपल्या इंदूरने 2017 पासून सलग सात वेळा स्वच्छतेत पहिला नंबर पटकावला, म्हणून डिस्कही झाडून-पुसून लख्ख करायची गरज नाही.

लॅपटॉपची डिस्क असेल तर यूएसबीची केस मिळते. अडीच इंची डिस्क त्या एका केबलवर चालते, साडेतीन इंचीला वेगळा अडॅप्टर लागतो. डिस्कला बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजचं स्वतःचं, कुलूप असेल तर 48 अंकी किल्ली मागेल, ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. जुनं विंडोजचं फोल्डर पहिल्याच दिवशी उडवू नका. त्याच ड्राइव्हवर एक नवं फोल्डर करा आणि आपलं सामान त्यात हलवा. क्षणात हलतं, कारण सामान जागचं हलतच नाही, फक्त पत्ता बदलतो. आणि फोटोंची एक प्रत दुसरीकडे ठेवा, डिस्कचंही वय झालंय.

तर, आप्पांचं फोल्डर उघडलं. लग्नाचे फोटो, मुदत ठेवींचे हिशेब, सगळं जागच्या जागी. आणि एक व्हिडिओ, 2018 च्या गणेशोत्सवातल्या नाटकाचा. आप्पा राजाच्या वेशात, मिशी एका बाजूने सुटलेली, आणि पुढचं वाक्य काही केल्या आठवत नाही. विंगेतून तीनदा सांगितलेलं आम्हालासुद्धा ऐकू आलं, राजाला नाही. काकू हसून हसून खुर्चीत बसल्या.

आप्पांनी हळूच माझा हात दाबला. "हे एवढं एक पुसता येईल का रे?"