शपथ घेतल्यानंतरचे दिवस

(दृश्य : चैत्रातलं ऊन. धुळ्याहून सप्तशृंगगडाकडे पायी निघालेले भाविक.)

या गर्दीत कुणीतरी मनात एवढंच धरून चाललेला असतो : आई, यंदा दारू सुटू दे. खान्देशात कुणी गडावर शपथ घेतं, कुणी सप्ताहात तुळशीची माळ घालतं. हा निश्चय खरा असतो. त्याला हसू नये.

पण वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात दारू बंद केली, तर पुढचे तीन-चार दिवस जोखमीचे. दारू मेंदूला गुंगवते, म्हणून मेंदू स्वतःला सतत चेतवत राहतो. दारू थांबते, ते चेतवणं थांबत नाही.

(दृश्य : ओटा. थरथरते हात, बशीत सांडलेला चहा.)

कप ओठापर्यंत जाईस्तोवर अर्धा रिकामा होतो. घामाने बनियन भिजतं. फिट येऊ शकते. एखादा रात्री पांघरुणावरच्या नसलेल्या मुंग्या झटकत बसतो, बायकोलाही ओळखत नाही. घरचे म्हणतात, बाहेरचं झालं, आणि भगताकडे नेतात. या अवस्थेला ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात. यात जीव जाऊ शकतो. गाडी थेट रुग्णालयात न्या. तिथे पिणं लपवू नका, कारण अशा रुग्णाला ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) द्यावं लागतं.

एवढं निभावलं की घर सुटकेचा श्वास सोडतं. आणि मग कळतं, माणूस अजून जागाच आहे. जेवत नाही, शेतात जात नाही. विचारलं तर म्हणतो, “माले काहीच व्हयेल नही.”

दारूने आलेली उदासी बहुतेकदा महिनाभरात निवळते. नाही निवळली, तर तो वेगळा आजार असू शकतो. म्हणून मानसोपचारतज्ज्ञ घरच्यांना विचारतात : आधी काय आलं? उत्तर असं असू शकतं : २०१७ला बोंडअळीने कापूस गेला, झोप तेव्हाच उडाली, बाटली नंतर आली, झोपेसाठी. दारूने डोळा लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते. मग उद्या थोडी जास्त.

अशा वेळी नुसती दारू सोडवली तर उदासी तिला परत बोलावते. नुसत्या गोळ्या दिल्या तर दारू त्यांचं काम होऊ देत नाही. उपचार दोन्हींचे एकत्रच हवेत. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही व्यसनाशी जोडलेले मानसिक त्रास आजारातच धरले आहेत.

‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. फोन केलात तर दारूबद्दल सांगा, आणि झोप कधीपासून गेली तेही सांगा.