पुढचा शाफ्ट काढला की झालं?

हे जे गाडीच्या पोटाखाली दिसतंय ना, मधल्या डब्यातून निघून पुढच्या हाउसिंगकडे गेलेलं लांब नळकांडं, हा पुढचा प्रोपेलर शाफ्ट. दोन्ही टोकांना क्रॉस (शाफ्टला वाकून फिरू देणारा सांधा) आणि थोडेसे नटबोल्ट, बास. पिटमध्ये उतरून पाना लावला की अर्ध्या-पाऊण तासात हातात येतो, आणि तो आला की फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी, गाडी टू व्हील झाली असं सगळे म्हणतात. जुन्या जीपवाल्यांपैकी बऱ्याच जणांनी हे कधी ना कधी केलेलं असतं. कारणं तीच ती, पुढून गुणगुण आवाज येतो, क्रॉस गेलाय, पुढचं क्राउन-पिनियन (शाफ्टचा जोर चाकांकडे वळवणारे गियर) बसवायचा खर्च ऐकून घाम फुटला, किंवा कुणीतरी सांगितलं की ॲव्हरेज वाढतं. काही गाड्यांना हे चालतं, काही जागच्या हलत नाहीत, आणि काही घाटात हात दाखवतात, आणि यातलं काय होणार हे शाफ्टवर नाही, त्या मधल्या डब्यावर ठरतं.

तो डबा म्हणजे ट्रान्सफर केस, गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या शाफ्टला देणारा. आपल्याकडच्या महिंद्राच्या जुन्या जीप, एमएम ५४०, मारुतीची जिप्सी, यांचा डबा साधा. लिव्हर मागे-पुढे केली की पुढचा शाफ्ट एकतर जोडला जातो नाहीतर सुटतो, मधे काही नाही. जोडला की पुढची-मागची चाकं एकाच स्पीडने फिरवायची असा हट्ट, आणि डांबरी रस्त्यावर वळणात पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, मग ती कुठे जाणार, शाफ्ट पिळला जातो, स्टिअरिंग जड होतं आणि लिव्हर अशी अडकते की दोन हातांनी ओढली तरी निघत नाही. म्हणून या गाड्या डांबरीवर टू व्हीलमध्येच चालवायच्या. म्हणजे ज्या गाडीला आपण टू व्हील करायला निघालोय ती रोजच्या वापरात ऑलरेडी टू व्हीलच आहे! मग शाफ्ट काढून मिळवायचं काय? तर लिव्हर सोडली तरी पुढची चाकं आपापले ॲक्सल, क्राउन आणि हा शाफ्ट फुकट फिरवत बसतात, ते फिरणं थोडं कमी होतं. थोडंच, कारण शाफ्ट गेला तरी ॲक्सल आणि क्राउन फिरतातच.

यावरचा खरा इलाज शाफ्टपाशी नाहीच, चाकापाशी आहे. जिप्सीच्या पुढच्या चाकाच्या मधोमध ही गोल चकती, म्हणजे फ्री-लॉक हब, बघा, एका बाजूला फ्री, एका बाजूला लॉक. हाताने फ्रीवर फिरवली की चाक ॲक्सलपासून सुटतं, आणि आतलं सगळं, ॲक्सल, क्राउन, शाफ्ट, जागेवर गप्प उभं राहतं. अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये वॉर्न कंपनी काढली ती असेच हब घेऊन, कारण युद्ध संपल्यावर मिलिटरीच्या विलीज जीप लोकांकडे आल्या होत्या आणि लोकांना त्या रस्त्यावर चालवायच्या होत्या. पंचाहत्तरच्या वर वर्षं झाली, अजून यापेक्षा स्वस्त आणि सरळ उपाय मला तरी दिसलेला नाही. फक्त महिन्यातून एकदा हब लॉक करून थोडे किलोमीटर चालवायची, नाहीतर आतलं ऑइल खाली बसतं आणि वरचे भाग कोरडे.

तरी शाफ्ट काढायचाच असेल तर आधी खडूने किंवा ऑइलपेंटने शाफ्टवर आणि समोरच्या फ्लँजवर (बोल्टच्या चकतीवर) एका रेषेत खूण करायची. मेस्त्री घाईत ही खूण विसरतात, मग परत बसवताना शाफ्ट उलटा-सुलटा बसला की थरथर सुरू, आणि मालक टायर बॅलन्सिंगवाल्याकडे चकरा मारतो. आणि काही गाड्यांत शाफ्टचं टोक डब्याच्या आत सरकवलेलं असतं, ते ओढलं की ऑइल सरळ तोंडावर.

एक फायदा मात्र आहे खरा. या जुन्या डब्यात लो गियर एकट्याने पडत नाही, आधी फोर व्हील टाका मग लो, कारण लोमध्ये जोर वाढतो, विलीजच्या डाना १८ डब्यात २.४६ पट, आणि तो सगळा एकट्या मागच्या ॲक्सलवर येऊ नये. पुढचा शाफ्ट काढला किंवा हब फ्री ठेवले की लो टाकूनही फक्त मागची चाकं ओढतात, ट्रॉली रिव्हर्स लावायला झकास. पण तेव्हा पाय हलका ठेवा, मागचा ॲक्सल तुटला तर टोचन करूनच घरी.

आता दुसरा डबा, फुलटाइमवाला. यात मधे अजून एक डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या स्पीडने फिरू देणारी गियरची जोडणी, असतं म्हणून गाडी डांबरीवरही चारही चाकांवर चालते. पण डिफरन्शियलचा स्वभाव असा की उताराकडे पाणी पळतं तसा जोर जिकडे अडथळा कमी तिकडे पळतो. शाफ्ट काढलात की त्या टोकाला अडथळाच नाही, सगळा जोर रिकाम्या टोकाला, इंजिन गुरगुरतंय, गाडी ढिम्म. सेंटर डिफ लॉक, म्हणजे हे मधलं डिफरन्शियल जाम करणारा लॉक, असेल तर तो लावून चालते. आणि ऑटोमॅटिक असेल तर अजून वाईट, लॉक न लावता पार्कमध्ये टाकून उतरलात तरी गाडी उतारावर चालू पडते. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत शेव्हरोले, डॉज, फोर्डच्या फुलटाइम गाड्यांचे मालक पेट्रोलच्या भावाने वैतागले, तेव्हा त्या गाड्यांत न्यू प्रोसेस २०३ नावाचा डबा होता, त्याच्यासाठी बाजारात किटच आले. डब्यातलं डिफरन्शियलचं काम बंद करणारा तुकडा आत टाकायचा आणि पुढच्या चाकांना फ्री-लॉक हब बसवायचे. दोन्ही एकत्र, नुसता शाफ्ट काढून भागत नाही हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

तिसरा प्रकार सगळ्यात मजेशीर, लँड रोव्हरची पहिली फ्रीलँडर, १९९७ ते २००६. ही गाडी मुळात पुढच्या चाकांवर चालते, आणि मागे जाणाऱ्या शाफ्टच्या मधोमध एक बंद डबा लटकवलेला, व्हिस्कस कपलिंग. आत पातळ चकत्यांची चळत आणि सिलिकॉनचं जाड तेल. पुढची चाकं घसरली की चकत्या वेगवेगळ्या स्पीडने फिरतात, जाड तेल त्या फरकाला अडवतं आणि जोर मागे जातो. गंमत म्हणजे पुढच्या आणि मागच्या बाजूचे रेशो मुद्दाम एक टक्क्याच्या आत वेगळे ठेवलेत, म्हणजे ते कपलिंग सरळ रस्त्यावरही सतत किंचित घसरत असतं. वर्षं गेली की तेल कायमचं घट्ट होतं आणि मग पुढचा गिअरबॉक्सला चिकटलेला डबा नाहीतर मागचं डिफरन्शियल, जो कच्चा तो फुटतो. ओळखायची खूण सोपी आहे, मोकळ्या सपाट जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून रिव्हर्स घ्या आणि क्लच दाबा, गाडी ब्रेक मारल्यासारखी जागेवर थांबली तर कपलिंग गेलं. टायरचाही यात हात असतो, चारही सारखे हवेत, दोनच नवीन घेतले तर मागे टाकायचे, कारण मागचे झिजलेले असले की ते जास्त फेरे मारतात आणि कपलिंगवर ताण वाढतो. ब्रिटनमध्ये कित्येक मालकांनी सरळ तो अख्खा शाफ्ट कपलिंगसकट काढून टाकला आणि गाडी पुढच्या दोन चाकांवर आरामात पळवली. इथे रिकामं टोक जोर खात नाही, मध्ये उघडं डिफरन्शियल नाही म्हणून. काही जुन्या ऑटोमॅटिक सुबारू गाड्यांत तर पानाही लागत नाही, बॉनेटखालच्या एका जागेत फ्यूज खोचला की मागची चाकं सुटतात.

आता हात दाखवण्याची गोष्ट. वर फ्रीलँडर-सुबारू सोडून सगळीकडे पुढचा शाफ्ट म्हणतोय, पण कुणी मागचा काढून पुढच्यावर चालवायचं म्हटलं तर जुनी विलीज जीप आणि लँड रोव्हर डिफेंडर, यांचा हँडब्रेक मागच्या चाकांत नसतोच, तो डब्याच्या मागच्या टोकाला, शाफ्टलाच धरतो. शाफ्ट गेला की हँडब्रेक गेला. घाटात दगड लावून उभं राहायचं असेल तर करा. दुसरं, काही गाड्यांत ॲक्सलचं बाहेरचं टोकच चाकाची बेअरिंग आवळून धरतं, हाफ शाफ्ट (ॲक्सलमधला चाक फिरवणारा दांडा) पूर्ण ओढून काढलात तर चाक ढिलं, ते टोक जागेवर बसवून नट टाइटच हवा.

पुढचा अख्खा ॲक्सल काढून साधा ॲक्सल टाकणारेही आहेत. तिथे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा आरसीतला तपशील वेगळा होईल असा बदल चालत नाही, म्हणून आधी आरटीओत विचारा आणि विमावाल्यांना लेखी कळवा. खरं तर टू व्हीलच हवी असेल तर कंपन्याच देतात की. महिंद्राने २०२० मध्ये नवी थार काढली ती फक्त फोर बाय फोर, आणि जानेवारी २०२३ मध्ये मागच्या चाकांवरची काढली, १.५ लिटर डिझेलची, तेव्हा किंमत ९.९९ लाखांपासून, शिवाय चार मीटरच्या आतली गाडी आणि पंधराशे सीसीच्या आतलं डिझेल म्हणून करही कमी. डब्याची लिव्हर जिथे असायची तिथे आता बारीकसारीक ठेवायला खण आहे.

आणि जुनी जीप विकत घेणाऱ्यांनो, जाहिरातीत फोर बाय फोर लिहिलंय, लिव्हरही खटकन पडते, एवढ्यावर टोकन देऊ नका. लिव्हर पडते, शाफ्ट आहे का ते खाली वाकून बघा. शाफ्ट असला तर हब लॉक करा, पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचला, मागच्या चाकांना उटी लावा, फोर व्हील टाका, गाडी गियरमध्ये, इंजिन बंद, आणि पुढची दोन्ही चाकं एकाच दिशेला फिरवायला दोघं जण लावा. दोन्ही मोकळी फिरली तर पुढे काहीतरी काढलेलं नाहीतर तुटलेलं आहे, आणि काढून ठेवलेला शाफ्ट मालकाच्या गोठ्यात पडलाय की भंगारात गेला, हे विचारूनच भाव बोला.