पंचवीस एकरांना एक नमुना

(कृषी सहाय्यक आणि कृषी सेवा केंद्रचालकांच्या एकत्रित प्रशिक्षण वर्गातील व्याख्यान, संपादित)

मंडळी, तुमच्यातले काही खात्यातले, काही दुकानदार. दोघांना एका वर्गात मुद्दाम बसवलं आहे. आपल्याकडचा शेतकरी अडला की परभणीच्या विद्यापीठात जात नाही, आधी दुकानाच्या पायरीवर येतो. "शेठ, सोयाबीन पिवळं पडलंय, काय मारावं?" म्हणतो. हैदराबादच्या 'मॅनेज' या कृषी विस्ताराच्या संस्थेनं २००३ साली दुकानदारांसाठी 'देसी' हा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम काढला, तो हे ओळखूनच. त्यात चाळीस दिवस वर्ग आणि आठ शेतभेटी असतात. माझ्या हातात असतं तर मी हा हिशोब उलटा केला असता.

त्या पिवळ्या सोयाबीनचंच बघू. पिवळेपणा कुठल्या पानावर आहे, हा पहिला प्रश्न. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्राकडे बघा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. आता गंमत अशी की आपल्या काळ्या मातीत लोह भरपूर असतं. पण चुनखडी जास्त, सामू (पीएच) आठच्या पुढे, त्यात झडीचं पाणी आठवडाभर साचलेलं, मग ते लोह मुळांना उचलता येत नाही. अशा वेळी युरियाची गोणी टाकून काय होणार? हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, तोही जमिनीत टाकला तर तिथंच अडकून बसतो. त्याचीच अर्धा टक्का फवारणी करा, आणि त्याआधी पाणी काढायला चर पाडा. चराला दुकानात किंमत नाही, म्हणून तो कुणी सांगत नाही. हे मी तुम्हा शेठ लोकांना हसत हसत सांगतोय, पण सांगतोय.

आता मृदा आरोग्य पत्रिका, म्हणजे माती तपासणीचं सरकारी कार्ड. ही योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. कार्डावर बारा घटक असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. कार्ड चांगलंच आहे. पण नमुना कसा घेतला जायचा? योजनेच्या पद्धतीत बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर! बालाघाटाच्या उतारावर पंचवीस एकर म्हणजे वरती वीतभर मातीखाली मुरूम लागणारं बरड, मधे मध्यम जमीन आणि खाली ओढ्याकाठी पुरुषभर खोल काळी. या तिन्ही जमिनींच्या शेतकऱ्यांच्या हातात आकडे तेच. म्हणून कार्ड हातात घेतलं की पहिला प्रश्न विचारा, "काका, नमुना कोणाच्या वावरातून घेतला होता?" आपल्या वावराचा नसेल तर उन्हाळ्यात पीक निघाल्यावर, खत टाकायच्या आधी स्वतः घ्या. बांध, झाड, उकिरडा टाळायचा. इंग्रजी व्हीसारखा वीतभर खड्डा करून कडेची माती घ्यायची. उताराचे भाग वेगळे ठेवायचे. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर लोखंडी खुरप्यानं खरवडू नका, लाकडाची पट्टी वापरा.

कार्डात एक गोष्ट येतच नाही, मातीची घडण. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. बोराएवढी दोन वाळलेली ढेकळं घ्या, एक वावरातलं, एक कधी न नांगरलेल्या बांधावरचं. काचेच्या दोन ग्लासांत पाणी घेऊन अलगद सोडा. बांधावरचं बराच वेळ टिकतं, वावरातलं बहुतेक वेळा बघता बघता विरघळून पसरतं. दोन्हीतला फरक मुख्यतः सेंद्रिय कर्बाचा आणि मुळांचा. दरवर्षी रोटाव्हेटर फिरवायचा, सोयाबीनचं भुसकट आणि पऱ्हाट्या पेटवायच्या, आणि मग जमीन पाणी पीत नाही म्हणायचं. शेतकऱ्याला आकडे सांगून जे पटत नाही ते त्या दोन ग्लासांकडे बघून पटतं.

पाणी तासभरानंतरही दुधासारखं गढूळच राहिलं तर सावध व्हा, जमीन चोपण, म्हणजे सोडियम साचलेली, होत असेल. जायकवाडीच्या कालव्याखाली अशा जमिनी भेटतात. सामू साडेआठच्या वर आहे का तपासा. जिप्सम लागेल, पण किती ते तपासणीवरून ठरवा, आणि निचऱ्याची सोय नसेल तर जिप्सम विकू नका. सुटलेला सोडियम वाहून जायला वाटच नसेल तर ते पैसे मातीत जातात.

उद्या सकाळी सात वाजता वावरावर या. टिकाव-फावडं आमच्याकडे आहे. प्रत्येकानं आपल्या गावातली दोन ढेकळं आणा, कागदावर गट नंबर आणि उताराची जागा लिहून. ज्याच्याकडे कार्ड आहे त्यानं तेही आणावं. आणि बूट घालू नका, चिखल आहे.