स्टोन्स नदीकाठचा चौथरा

आज ज्या स्मारकाविषयी मी बोलणार आहे, ते पाहायला जाणाऱ्याची पहिल्या भेटीत थोडी निराशाच होते. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, नॅशविलपासून साधारण ५० किलोमीटरवर मर्फ्रीसबरो नावाचे गाव आहे. त्या गावाबाहेर, स्टोन्स नदीच्या परिसरात, रेल्वेमार्गाला जवळजवळ खेटून चुनखडीच्या घडीव दगडांचा एक ठेंगणा चौकोनी चौथरा उभा आहे. त्यावर पुतळा नाही, घोडा नाही, पंख पसरलेला गरुडही नाही. भोवती दगडी भिंत आणि भिंतीच्या आत कबरींचे छोटे दगड, एवढेच. अमेरिकेच्या यादवी युद्धाची स्मारके पुढे हजारोंनी उभी राहिली. पण रणभूमीवर मूळ जागी टिकून राहिलेल्या स्मारकांत सर्वांत जुने म्हणून ओळखले जाते ते हेच, हेझनच्या ब्रिगेडचे स्मारक. ते १८६३ साली बांधले गेले, म्हणजे युद्ध ऐन भरात असताना आणि ते कोण जिंकणार हे कोणालाही ठाऊक नसताना. त्याची थोरवी आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी, माझ्या मते, याच एका तपशिलातून येतात.

३० डिसेंबर १८६२च्या रात्री दोन्ही सैन्यांचे तळ एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर पडले होते. दोन्हीकडचे बँड आधी आपापली गाणी वाजवून एकमेकांवर कुरघोडी करत होते आणि अखेरीस घराची आठवण काढणारी एकच धून दोन्हीकडून वाजू लागली, असे त्या रात्री तिथे असलेल्यांनी नोंदवून ठेवले आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे, संघराज्याचे, म्हणजे उत्तरेच्या बाजूचे, सैनिक न्याहारीच्या तयारीत असताना, जनरल ब्रॅग यांच्या दक्षिणी फौजेने जनरल रोझक्रान्स यांच्या सैन्याच्या उजव्या बगलेवर झडप घातली. दुपारपर्यंत ही बगल तीन मैल मागे रेटली गेली आणि सारी आघाडी चाकूचे पाते मिटावे तशी मिटत आली. ते पाते जिथे मुठीला जोडलेले असते, तिथे ‘राउंड फॉरेस्ट’ नावाची झाडांची एक राई होती, आणि त्या राईत कर्नल विल्यम हेझन यांची ब्रिगेड उभी होती. ओहायो, इंडियाना, केंटकी आणि इलिनॉय या चार राज्यांतल्या पलटणींची ही ब्रिगेड दिवसभर, एकामागून एक हल्ले अंगावर घेत, जागची हलली नाही. संध्याकाळी तिच्यातले चारशेहून अधिक लोक मृत वा जखमी होते.

त्या दिवशी तोफांचा आवाज इतका असह्य झाला की शेतातून पुढे सरकणाऱ्या सैनिकांनी वाटेतल्या झाडांवर राहिलेला कापूस ओरबाडून कानांत कोंबला. हा तपशील वाचताना मराठी माणूस थबकतोच. ज्या दक्षिणी कापसाची वाट युद्धाने अडवली, त्याची जागा भरून काढायला वऱ्हाडातल्या आणि गुजरातेतल्या कापसाला सोन्याचे मोल आले, मुंबईत शेअरांचा जुगार रंगला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो सगळा डोलारा कोसळला. असो.

लढाई २ जानेवारीपर्यंत चालली. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ८०,००० लोक लढले आणि त्यांतले २३,०००हून अधिक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. ब्रॅग यांनी माघार घेतली, म्हणून विजय संघराज्याचा मानला गेला. सैन्याचा तळ पुढचे काही महिने मर्फ्रीसबरोलाच राहिला आणि त्या काळात हेझन यांच्या माणसांनी, मुख्यतः नवव्या इंडियाना पलटणीच्या एका तुकडीने, आपल्या सोबत्यांच्या कबरींमध्ये हा चौथरा रचला. इथे कोणती समिती नव्हती, वर्गणी नव्हती, शिल्पकारांची स्पर्धा नव्हती. मेलेल्यांना नावाने ओळखणाऱ्यांनी तो बांधला. मजकूरही तसाच, आखूड आणि खास शिपायाच्या तोंडचा: स्टोन नदीवर पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ, ‘त्यांचे चेहरे आकाशाकडे, त्यांचे पाय शत्रूकडे’. हे काव्य वाटते. पण ती मुळात साक्ष आहे. उताणा पडलेला आणि पाय शत्रूकडे असलेला मनुष्य समोरून गोळी झेलून पडलेला असतो. त्याने पाठ दाखवलेली नसते. नदीचे नावही नकाशातल्यासारखे ‘स्टोन्स’ न कोरता बोलण्यातल्यासारखे ‘स्टोन’ कोरलेले आहे, आणि ते कोणी दुरुस्त केलेले नाही, हे फार बरे झाले.

१९८५ मध्ये डागडुजीसाठी हा चौथरा उघडला, तेव्हा आत तोफगोळे, बंदुकांच्या नळ्या आणि सीडर लाकडाची एक काठी निघाली. बाहेरून दिसू नयेत अशाच ठिकाणी बांधणाऱ्यांनी त्या ठेवल्या होत्या. १९०६ साली एका रेल्वे कंपनीने याच रणभूमीवर नदीकाठी तोफखान्याच्या स्मरणार्थ उंच सुळका उभारला. तो देखणा आहे, पण या काठीपुढे तो मला नेहमी फिका वाटतो.

आता मर्यादेकडे येतो. जो दगड मित्रांनी रचला, तो मित्रांपुरताच असणार. जवळच १८६४ मध्ये जनरल थॉमस यांच्या आदेशाने राष्ट्रीय दफनभूमी स्थापन झाली आणि आसपासच्या शेतांत, गावांत घाईने पुरलेले संघराज्याचे ६,१००हून अधिक सैनिक तिथे आणून पुन्हा पुरले गेले. त्यांतल्या अडीच हजारांवर लोकांचे नाव कोणालाच सांगता आले नाही. दक्षिणेच्या मृतांना तिथे जागा नव्हती. त्यांच्यापैकी सुमारे २,००० अनामिक मर्फ्रीसबरोच्या गावकऱ्यांनी आपल्या दफनभूमीत एका वर्तुळात एकत्र पुरले. यादवीत एकाच मातीतल्या मृतांच्याही अशा दोन वाटण्या होतात.

पण मला त्याहून महत्त्वाचा प्रश्न हा वाटतो की हे हजारो देह उकरून, वाहून, ओळीने पुरले कोणी? ते काम मुख्यतः १११व्या कृष्णवर्णीय पलटणीने केले. तिच्यातले बहुतेक सैनिक थोड्याच वर्षांपूर्वी गुलाम होते. लढाई चालू असतानाच, १ जानेवारी १८६३ रोजी, लिंकन यांची गुलामांच्या मुक्तीची घोषणा अमलात आली होती. टेनेसी राज्य मात्र तिच्यातून वगळलेले होते. म्हणजे ज्या दिवशी ही लढाई गुलामगिरीविरुद्धची ठरली, त्या दिवशी तिच्या भोवतालचे गुलाम कागदोपत्री गुलामच राहिले.

युद्धानंतर या पलटणीतले काही जण आणि इतर मुक्त झालेली कुटुंबे याच रणभूमीवर जमिनीचे लहान तुकडे घेऊन स्थायिक झाली. त्यांच्या वस्तीचे नावच ‘सेमेटरी’, म्हणजे दफनभूमी. तिथे घरे झाली, प्रार्थनामंदिर झाले, शाळा झाली. पुढे १९२७ मध्ये अमेरिकन संसदेने ही रणभूमी राष्ट्रीय लष्करी उद्यान म्हणून राखण्याचा कायदा केला, सरकारने जमीन घेतली आणि वस्तीतल्या अनेक कुटुंबांना उठावे लागले. आपल्याकडे यासाठी ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द आहे. इथला प्रकल्प स्मरणाचा होता, इतकाच काय तो फरक. स्मारक राखण्याच्या सदिच्छेत, त्या स्मारकाचा अर्थ ज्यांच्या आयुष्यात उतरला होता तीच माणसे अडचणीची ठरली, हे मला आजवर पचलेले नाही.

त्या वस्तीतल्या विल्यम हॉलंड यांची कबर मात्र राहिली आहे. ते गुलाम म्हणून जन्मले, १११व्या पलटणीत सैनिक झाले, युद्धानंतर राष्ट्रीय दफनभूमीत कामाला राहिले आणि हेझन स्मारकाला लागून त्यांनी जमीन विकत घेतली. म्हणून त्यांना त्यांच्याच मातीत पुरले गेले. सैनिकांना मिळतो तसा पांढरा दगड त्यांच्याही डोक्याशी आहे. तो ब्रिगेडच्या भिंतीच्या बाहेर, भिंतीपासून काही पावलांवर, एकटा उभा आहे.