फ्लश केलं, तरी जुनंच दिसतंय

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आज ज्या कमांडबद्दल बोलायचंय ती टाइप करायला पाच सेकंद लागतात. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, 'आयपीकॉन्फिग' लिहायचं, एक स्पेस, मग तिरकी रेघ आणि तिला चिकटून 'फ्लशडीएनएस'. एंटर. लगेच एक ओळ येते : 'सक्सेसफुली फ्लश्ड द डीएनएस रिझॉल्व्हर कॅश.' डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी व्यवस्था, कॅश म्हणजे मिळालेल्या उत्तरांचा जवळ ठेवलेला साठा, आणि ही कमांड तो साठा पुसते. झालं. एवढ्यासाठी व्याख्यान कशाला, असं कुणालाही वाटेल.

पण ही ओळ वाचून निर्धास्त झालेली आणि तरीही पुढचा तासभर जुनीच वेबसाइट बघत बसलेली माणसं मी भरपूर पाहिली आहेत. त्यांत एकदा मीही होतो, ते पुढे सांगतो. ती ओळ खोटं बोलत नाही. ती फक्त तुमच्या मशीनपुरतं बोलते. उत्तर लक्षात ठेवणारे वाटेत चार-पाच जण असतात. त्यांतल्या कुणाकडे शिळं उत्तर पडून आहे ते न बघता फ्लश करत सुटणं म्हणजे साप समजून भुई धोपटणं.

ही लक्षात ठेवण्याची भानगड मुळात आली कुठून? इंटरनेटच्या आधीचं जाळं म्हणजे अर्पानेट. त्याच्या काळात सगळ्या मशीनची नावं आणि त्यांचे पत्ते एकाच फाइलमध्ये असायचे. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती फाइल सांभाळली जायची. नवं मशीन जोडलं की तिथे कळवायचं, आणि बाकीच्यांनी अधूनमधून ताजी प्रत उतरवून घ्यायची. मशीन वाढली तसा हा कारभार आवरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिमची, म्हणजेच डीएनएसची, रचना मांडली. इंटरनेटचे नियम ज्या दस्तऐवजांत मांडतात त्यांना आरएफसी म्हणतात. आज आपण ज्यावर चालतो ते आरएफसी १०३४ आणि १०३५ हे दस्तऐवज १९८७ चे. एका फाइलऐवजी ज्याचं नाव त्याच्याकडे त्याचा पत्ता, अशी वाटणी झाली. पण मग प्रत्येक वेळी पत्ता विचारायला मूळ मालकापर्यंत जायचं म्हटलं तर सगळंच ठप्प होईल. म्हणून रचनेतच एक सोय ठेवली : उत्तर देताना त्यासोबत एक आकडा द्यायचा, टीटीएल, म्हणजे टाइम टू लिव्ह. इतके सेकंद हे उत्तर जवळ ठेवलंत तरी चालेल, त्यानंतर पुन्हा विचारा. ३०० म्हणजे पाच मिनिटं, ८६४०० म्हणजे अख्खा दिवस.

हा आकडा कोण ठरवतं? डोमेनचा मालक. तुम्ही नाही, तुमचा ब्राउझर नाही, इंटरनेट पुरवणारी कंपनी नाही. आजच्या विषयातला निम्मा गोंधळ हे न कळल्यामुळे होतो.

आता नाव विचारल्यावर काय होतं ते बघू. तुम्ही ब्राउझरमध्ये पत्ता टाकलात. ब्राउझर आधी स्वतःच्या खिशात बघतो. क्रोम आणि फायरफॉक्स दोघेही आपापली छोटी कॅश ठेवतात. तिथे नसेल तर ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो. तिच्याकडे होस्ट्स नावाची, आपण हाताने नावं आणि पत्ते लिहू शकतो अशी फाइल असते आणि बहुतेकदा तिची स्वतःची कॅश. तिथेही नसेल तर प्रश्न राउटरकडे जातो, तिथून पुढे इंटरनेट कंपनीच्या किंवा तुम्ही निवडलेल्या सार्वजनिक रिझॉल्व्हरकडे, म्हणजे आपल्या वतीने पत्ता शोधून आणणाऱ्या सर्व्हरकडे. त्या रिझॉल्व्हरकडेही उत्तर नसेल तरच तो सगळ्यात वरच्या रूट सर्व्हरपासून विचारत विचारत मूळ सर्व्हरपर्यंत, म्हणजे डोमेनच्या मालकाची नोंद जिथे असते तिथपर्यंत, पोहोचतो. आपली फ्लशडीएनएस कमांड या साखळीतली एकच कडी रिकामी करते.

म्हणून 'प्रोपगेशन' हा शब्द मला खटकतो. वेबसाइट नव्या सर्व्हरवर हलवली की लोक म्हणतात, डीएनएस पसरायला ४८ तास लागतात. पसरत काहीच नसतं हो! नवा पत्ता मूळ सर्व्हरवर बहुतेकदा लगेचच आलेला असतो. जगभरच्या कॅशमधल्या जुन्या उत्तरांची मुदत आपापल्या वेळेला संपायची असते, एवढंच. एखाद्याने साइट हलवण्याआधी दोन मिनिटं जुना पत्ता विचारला असेल आणि टीटीएल ८६४०० असेल, तर त्याच्याकडे तो जवळपास उद्या याच वेळेपर्यंत राहणार. जाणकार माणूस काय करतो? साइट हलवायच्या किमान एक दिवस आधी टीटीएल ३०० वर आणून ठेवतो. जुनी दिवसभराची उत्तरं संपतात, नव्याने घेतलेली पाचच मिनिटं टिकतात, आणि मग पत्ता बदलतो. सगळं स्थिरावलं की आकडा पुन्हा वाढवतो. हलवायच्या दिवशीच टीटीएल कमी करून उपयोग नाही. ज्यांच्याकडे जुनं उत्तर आहे त्यांच्याकडे जुना आकडाही आहे.

बरं, कमांडकडे येऊ. माझं एक सांगणं आहे : पुसण्याआधी बघा. विंडोजमध्ये फ्लशडीएनएसच्या जागी 'डिस्प्लेडीएनएस' लिहिलंत की कॅशमधल्या नोंदी सरसर पडद्यावर येतात. प्रत्येक नोंदीत नाव, प्रकार, टीटीएल आणि पत्ता. प्रकार १ म्हणजे जुन्या पद्धतीचा आयपी पत्ता, २८ म्हणजे नव्या पद्धतीचा, आयपीव्ही६. टीटीएलसमोर जो आकडा दिसतो तो उरलेल्या सेकंदांचा. दहा सेकंद थांबून तीच कमांड पुन्हा चालवा, आकडा दहाने उतरलेला दिसेल. टीटीएल हे प्रकरण डोक्यात बसायला याहून सोपा प्रयोग मला माहीत नाही. (आणखी एक गोष्ट लक्षात येईल : हे मशीन नुकतंच कुठेकुठे फिरून आलंय याची ही बऱ्यापैकी यादी असते. दुसऱ्याच्या मशीनवर ही कमांड चालवताना विचारून चालवा.)

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टऐवजी पॉवरशेल वापरणाऱ्यांसाठी हेच काम 'गेट-डीएनएसक्लायंटकॅश' आणि 'क्लिअर-डीएनएसक्लायंटकॅश' करतात. परवानगी नाही अशी तक्रार आली तर खिडकी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायची. विंडोजचं यापलीकडे फारसं काही नाही.

मॅकवर दोन कमांड एकामागून एक द्यायच्या. पहिली, 'सुडू' (पुढची कमांड अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालवणारा शब्द), मग 'डीएसकॅशयुटिल', मग हायफनला जोडून 'फ्लशकॅश'. दुसरी, 'सुडू किलऑल', हायफनला जोडून 'एचयूपी', आणि शेवटी 'एमडीएनएसरिस्पॉन्डर'. यात पहिला एम लहान लिपीत, डीएनएस मोठ्या लिपीत आणि रिस्पॉन्डरचा आर मोठा. सुडू पासवर्ड मागतं तेव्हा टाइप करताना पडद्यावर एक ठिपकाही उमटत नाही. कीबोर्ड बंद पडला असं समजू नका, लिहा आणि एंटर दाबा. आणि काम झाल्यावर मॅक काही बोलत नाही. विंडोजसारखी शाबासकी नाही, नुसता पुढचा प्रॉम्प्ट.

'किलऑल' या नावाने पुष्कळ जण दचकतात. इथे कुणाला मारायचं नाहीये. एचयूपी म्हणजे हँग अप. टर्मिनल फोनच्या तारेवरून जोडलेलं असायचं, त्या काळात लाइन तुटली की प्रोग्रॅमला हा इशारा जायचा. पुढे पार्श्वभूमीवर चालणाऱ्या प्रोग्रॅमना टर्मिनलच उरलं नाही, तेव्हा त्याच इशाऱ्याचा अर्थ 'जरा ताजातवाना हो' असा घ्यायची पद्धत पडली. एमडीएनएसरिस्पॉन्डर हा मॅकवर नावांची उत्तरं सांभाळणारा प्रोग्रॅम. हा इशारा मिळाला की तो आपली कॅश टाकून देतो. मॅकच्या मधल्या एका आवृत्तीत, योसेमिटीमध्ये, अ‍ॅपलने त्याच्या जागी डिस्कव्हरीडी नावाचा दुसरा प्रोग्रॅम आणला होता. तो लोकांना फार रुचला नाही, आणि २०१५ मध्ये १०.१०.४ या आवृत्तीत जुनाच परत आला. इंटरनेटवर मॅकसाठी चार वेगवेगळ्या कमांड सापडतात त्याचं एक कारण हे. उत्तर कोणत्या आवृत्तीसाठी लिहिलंय ते पाहिल्याशिवाय उचलू नका.

लिनक्सचं एक उत्तर नाही. कित्येक लिनक्स मशीनवर डीएनएसची कॅशच नसते, कारण तिथली मूळ सी लायब्ररी प्रत्येक वेळी विचारते आणि विसरते. तिथे फ्लश करायचं म्हणजे रिकामं मडकं पालथं घालायचं. पण सिस्टिमडी-रिझॉल्व्हड हा पत्ते शोधून देणारा प्रोग्रॅम चालू असेल तर कॅश असते. ती रिकामी करायची कमांड : 'रिझॉल्व्हसीटीएल', स्पेस, 'फ्लश-कॅशेस'. आधी 'रिझॉल्व्हसीटीएल स्टॅटिस्टिक्स' चालवून कॅशमध्ये सध्या किती नोंदी आहेत ते बघा, मग फ्लश करा, मग पुन्हा बघा. आकडा शून्यावर आला की पुरावा हातात. कॅश ठेवणारे आणखी दोन प्रोग्रॅम आहेत, एनएससीडी आणि डीएनएसमास्क. एनएससीडी वापरत असाल तर 'एनएससीडी', हायफन आय, 'होस्ट्स'. डीएनएसमास्क असेल तर त्यालाही मॅकसारखाच एचयूपी इशारा चालतो.

आता माझी गोष्ट. एका ओळखीच्यांची साइट नव्या सर्व्हरवर हलवली होती. टीटीएल आधीच कमी केलेला, पत्ता बदललेला, सगळं शहाण्यासारखं. त्यांना नवी साइट दिसत होती. मला जुनी. मी फ्लश केलं. जुनी. ब्राउझर बदलला. जुनी. राउटर बंद करून चालू केला, जुनीच. मग नावाचा पत्ता विचारणारी एनएसलुकअप ही कमांड चालवली, तर ती खुशाल नवा पत्ता दाखवतेय! तेच नाव पिंग करून (म्हणजे ते मशीन उत्तर देतंय का ते तपासणारी कमांड चालवून) बघितलं तर जुना. रात्रीचे दोन वाजले होते आणि एकाच मशीनवरचे दोन प्रोग्रॅम मला दोन पत्ते सांगत होते. डिस्प्लेडीएनएस चालवलं, तर फ्लश करूनही ती नोंद तिथेच बसलेली.

तेव्हा आठवलं. आठवड्यापूर्वी कुठलासा पत्ता तपासण्यासाठी मीच होस्ट्स फाइलमध्ये ते नाव आणि जुन्या सर्व्हरचा आयपी लिहून ठेवला होता. विंडोजमध्ये ही फाइल सी ड्राइव्हवर, विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी अशी खोल आत असते. मॅक आणि लिनक्सवर सरळ ईटीसीमध्ये. ऑपरेटिंग सिस्टिम ती आधी बघते आणि तिथे नाव सापडलं की बाहेर कुणाला विचारतच नाही. विंडोज तर त्या नोंदी कॅशमध्ये आपणहून भरून ठेवते, म्हणून पुसल्या तरी परत येतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! ती ओळ खोडली आणि नवी साइट उघडली.

त्या रात्रीपासून माझी तपासायची पद्धत ठरून गेली. एनएसलुकअप होस्ट्स फाइल आणि विंडोजची कॅश दोन्ही ओलांडून थेट डीएनएस सर्व्हरला विचारतं. पिंग मात्र ब्राउझरसारखंच ऑपरेटिंग सिस्टिमच्या वाटेने जातं. दोघांचं उत्तर वेगळं आलं तर घोळ तुमच्या मशीनमध्ये आहे : आधी होस्ट्स फाइल, मग फ्लश. दोघंही जुनंच सांगत असतील तर घोळ बाहेर आहे आणि तुम्ही शंभरदा फ्लश केलंत तरी दर वेळी तेच शिळं उत्तर नव्याने आणाल. अशा वेळी एनएसलुकअपमध्ये नावानंतर स्पेस देऊन ८.८.८.८ लिहा, म्हणजे प्रश्न गूगलच्या सार्वजनिक रिझॉल्व्हरला जाईल. किंवा १.१.१.१, तो क्लाउडफ्लेअरचा. तिथे नवा पत्ता दिसला तर तुमच्या राउटरकडे किंवा इंटरनेट कंपनीकडे जुनी नोंद आहे. राउटर बंद-चालू करा, कंपनीच्या बाबतीत वाट बघा. गूगल आणि क्लाउडफ्लेअरने तर एखाद्या नावाची त्यांच्याकडची नोंद पुसून मागायला वेगळी पानंच ठेवली आहेत. आणि एनएसलुकअप आणि पिंग दोघंही नवा पत्ता सांगतायत तरी ब्राउझर जुनंच दाखवतोय, असं झालं तर ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा. जुन्या सर्व्हरशी आधीच जोडलेली लाइन तो उघडी ठेवतो, आणि उघड्या लाइनला पत्ता कशाला लागतोय?

'नाही' हे उत्तरसुद्धा लक्षात ठेवलं जातं, हे अनेकांच्या गावीच नसतं. नवं सबडोमेन, म्हणजे तुमच्या डोमेनच्या नावाआधी जोडलेलं आणखी एक नाव, करायचंय आणि उत्साहाच्या भरात नोंद करण्याआधीच तुम्ही ते ब्राउझरमध्ये उघडून बघितलंत, तर 'असं नाव नाही' हे उत्तर कॅशमध्ये बसतं. १९९८ च्या आरएफसी २३०८ ने याचे नियम नीट लावून दिले. किती वेळ ठेवायचं तो आकडा डोमेनच्या एसओए नावाच्या मुख्य नोंदीतून येतो. मग तुम्ही नोंद करता, सगळ्यांना साइट दिसते, आणि ती करणाऱ्यालाच दिसत नाही. आधी नोंद, मग बघणं.

फ्लश केल्याने इंटरनेट वेगवान होतं का, असं मघाशी कुणीतरी विचारलं. उलट, फ्लशनंतर प्रत्येक नाव एकदा नव्याने विचारावं लागतं, म्हणजे काही क्षण हळूच. रोज सकाळी नेमाने फ्लश करणारे लोक आहेत. करोत बापडे.

दुसरा प्रश्न जास्त चांगला होता : मग टीटीएल शून्यच ठेवला तर? ठेवता येतो. शून्य म्हणजे हे उत्तर आत्तापुरतं वापरा, साठवू नका. पण मग प्रत्येक पाहुणा तुमच्या डीएनएस सर्व्हरच्या दारात, आणि काही रिझॉल्व्हर तुमचा शून्य न जुमानता स्वतःची किमान मुदत लावतात. शिवाय तो सर्व्हर दहा मिनिटं बंद पडला की तुमचं नाव त्याच क्षणी गायब. तासाभराचा टीटीएल असता तर बऱ्याच लोकांना त्या दहा मिनिटांचा पत्ताही लागला नसता. २०२० मध्ये आलेल्या आरएफसी ८७६७ ने तर एक पाऊल पुढे टाकलं : मूळ सर्व्हर उत्तरच देत नसेल तर रिझॉल्व्हरने मुदत संपलेलं, जपून ठेवलेलं उत्तर द्यायला हरकत नाही. त्यावर टीटीएल फक्त ३० सेकंदांचा लावा, असं त्यात सुचवलंय. म्हणजे सर्व्हर शुद्धीवर आला की अर्ध्या मिनिटात पुन्हा विचारणा होते, आणि तुम्हाला काहीच फ्लश करावं लागत नाही.