खिडकीपाशी मांडलेला खेळ

मंडळी, आधी एक विनंती करतो. घरी मुलांचे फोटो काढायचे असतील तर पहिल्यांदा ट्यूबलाइट बंद करा. भरदिवसा दिवा लावायची आपल्याला सवय आहे, आणि समोरच्या इमारतीने उजेड अडवलेला असला की ती सवय रास्तही आहे. पण फोटोत होतं असं, की एका गालावर खिडकीचा निळसर उजेड येतो आणि दुसऱ्यावर बल्बचा पिवळा. मग पांढरं कशाला म्हणायचं ते कॅमेऱ्याला उमगत नाही. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची. बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही, पण शटरचा वेग वाढवला की फोटोवर काळपट पट्टे उमटतात.

‘मग अंधारच होईल की!’ होईल ना, पण खोलीच्या आतल्या बाजूला. आपला डोळा फार सांभाळून घेतो, म्हणून सगळी खोली सारखीच उजळलेली वाटते. खिडकी लहान असेल तर अंतर दुप्पट केल्यावर उजेड चौथाईच्या आसपास येतो. म्हणजे कॅमेरा बदलण्याआधी चटई सरकवून बघा. चटईला पैसे पडत नाहीत.

आता मूल खिडकीपाशी आणायचं कसं? ‘ये, इथे बस, इकडे बघ, हस’ म्हटलं की दात दिसतात, चेहरा दिसत नाही. मी पालकांना सांगतो, मुलाला हलवू नका, खेळ हलवा. मूल उठायच्या आत ब्लॉक, भातुकली, जे काही असेल ते खिडकीपासून चार-पाच फुटांवर, जमिनीवर मांडून ठेवा. खिडकी मुलाच्या एका बाजूला येऊ दे. तुमच्या पाठीशी आली तर चेहरा सपाट दिसतो. मुलाच्या पाठीशी आली तर काळवंडतो. मग तुम्ही मांडी घालून खाली बसा. उभ्याने काढलेल्या फोटोत मुलाचा भांगच जास्त येतो.

माझा आवडता प्रसंग मटार सोलण्याचा. आजी खिडकीशी परात घेऊन बसते, नातू शेजारी येतो. त्याला शेंग उघडता येत नाही, तो ती दातांत धरतो; एक दाणा उडून लादीवर जातो, की त्याच्यामागे हा रांगत. या अर्ध्या तासात त्याला कॅमेऱ्याची आठवणही होत नाही. आणि स्टीलची परात काय करते बघा: खिडकीचा उजेड खालून हनुवटीवर टाकते, डोळ्यांखालची सावली हलकी होते. फक्त स्टीलमुळे उजेडाचे जरा डाग पडतात. परातीशेजारी पांढरा पंचा अंथरलात तर उजेड जास्त मऊ येईल.

रंगाचं मात्र भान ठेवा. ग्रिलला लाल चादर वाळत घातली असेल तर बाळाला ताप आल्यासारखं दिसेल. पोपटी भिंतीशेजारी बसवलंत तर आजारी दिसेल. थेट ऊन येत असेल तर ग्रिलचे गज गालावर उमटतात. तेव्हा आजोबांचं पांढरं धोतर चिमट्यांनी खिडकीला लावा. धोतर नसेल तर पातळ पांढरा पडदा.

पुस्तकांत लिहिलेलं असतं, उत्तरेची खिडकी उत्तम, तिथे कधी ऊन येत नाही. ती पुस्तकं युरोपातली. मुंबई १९ अंश उत्तरेला आहे. साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्यसुद्धा आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीतून आत येतं. पावसाळ्यात हा प्रश्नच नाही, ढगांमुळे सगळ्याच खिडक्या उत्तरेच्या. उजेड मऊ मिळतो, पण कमी. तेव्हा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, १६०० किंवा ३२०० ठेवायला घाबरू नका. फोटोत थोडे रवाळ ठिपके दिसले तरी चालतात, हललेला चेहरा चालत नाही.

आपल्या या शहरात १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. त्या काळी एका फोटोला कित्येक सेकंद लागायचे. इंग्लंडमध्ये तर आईला कापडाखाली झाकून तिच्या मांडीवर बाळ धरवून ठेवत, म्हणजे ते हलणार नाही. आपण सेकंदाच्या २५० व्या भागात काम उरकतो. खेळणाऱ्या मुलाला तेवढा वेग हवाच. झोपलेल्याला ६० वा भाग पुरतो. ५० एमएमची १.८ ची लेन्स असेल (हा आकडा लेन्सच्या छिद्राचा, जितका लहान तितकं छिद्र मोठं) तर ती सगळी उघडून टाकायचा मोह आवरा. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर दीड मीटरवरून जेमतेम दहा सेंटिमीटर भाग स्पष्ट येतो, आणि मूल तेवढं एका झोक्यात पुढे येतं. २.८ ठेवा, फोकस जवळच्या डोळ्यावर. मोबाइलवाल्यांनी नाइट मोड बंद करावा, चेहऱ्यावर बोट दाबून धरावं, उजेड थोडा खाली ओढावा आणि भराभर फोटो घ्यावेत.

मागून ताईंनी विचारलंय, तळमजल्याची खोली आहे, खिडकी बोळात उघडते, काय करू? ताई, दार उघडा. चाळीच्या खोलीत दार हीच मोठी खिडकी. उंबरठ्याच्या आत दोन-तीन फुटांवर चटई टाका, तुम्ही दाराच्या कडेला भिंतीला टेकून बसा, म्हणजे तुमचीच सावली मुलावर पडणार नाही. येणारे-जाणारे मध्ये येतील. मूल त्यांच्याकडे मान वळवून बघेल, तेव्हा बटण दाबा.