कोंबडीला पीठ नको, भरडा द्या!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न परत परत आलाय: अंड्यावरच्या कोंबड्यांना मका कसा दळून द्यायचा?

धान्याचं आधी पटकन सांगतो. मका ऊर्जेसाठी. त्यात प्रोटीन 8-9 टक्के, लेअरला, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीला, लागतं 16-17, ते सोया पेंडीने भरून काढायचं. ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी चालते. बाजरी अख्खी दिली तरी चालते. फक्त मका पूर्ण बंद केलात तर बलक फिका पडणार, कारण तो पिवळा रंग मक्यातून येतो. अंडं त्याने निकस होत नाही, पण गिऱ्हाईक कुरकुर करतं. लसूणघास टाका, फरक पडेल.

आता दळण. मंडळी, पिठाच्या गिरणीतून मका काढू नका!

एका ताईंनी लिहिलंय, "दादा, बारीक दळलं की लवकर पचेल ना?" ताई, कोंबडीला दात नाहीत, पण पेटा आहे. आपण कलेजी-पेटा आणतो ना, तोच. पेटा म्हणजे तिच्या पोटातलं दळायचं जातं. भरडा मिळाला की पेट्याचे स्नायू कामाला लागतात, जाड होतात. पीठ तिथे थांबतच नाही, सरळ पुढे सरकतं आणि पेटा लहानच राहतो.

हे दिसत नाही म्हणता? मग पाण्याचं भांडं बघा. पीठ चोचीला चिकटतं, कोंबडी तशीच पाण्यात चोच घालते, तळाशी लगदा बसतो आणि उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबतो. एका शेडमध्ये मला तो वास दारातच आला होता. गव्हाचं पीठ असेल तर आणखी चिकट.

"मग मका अख्खाच टाकतो" म्हणणाऱ्यांनो, थांबा. कोंबडी मोठा दाणा आधी वेचते. खाली उरते भुकटी, आणि तुमचं महागडं व्हिटॅमिन, मिनरल मिक्श्चर सगळं त्या भुकटीत! म्हणून भरडा एकसारखा हवा. हॅमर मिलला, म्हणजे हातोड्यांनी धान्य भरडणाऱ्या गिरणीला, 6 मिलिमीटरची जाळी लावा. खाद्य मूठभर घेऊन रव्याच्या चाळणीतून चाळा. बहुतेक सगळं खाली पडलं तर ते पीठच आहे. आणि दिवसातून एकदा खाद्याचं भांडं पूर्ण रिकामं होऊ द्या, म्हणजे भुकटीही पोटात जाते.

पातळ कवचाची तक्रार करणाऱ्यांनो, कवचाला चुना (कॅल्शियम) मिळावा म्हणून देतो त्या शिंपल्यालाही हेच लागू. कवच मुख्यतः रात्री तयार होतं. तेव्हा कोंबडी खात नसते, आणि पावडर केलेला चुना लवकर संपतो. जाड शिंपला पेट्यात राहून हळूहळू विरघळतो. तो संध्याकाळी द्या, पावडर करून नको.

आणि मका एकदम महिन्याभराचा भरडून ठेवू नका, भरडलेला मका लवकर खवट होतो. पोत्यात हात घालून वास घ्या. बुरशीचा वास आला, तर दर कितीही चढा असू दे, ते पोतं कोंबड्यांना घालू नका.